कोषाला बोट लावल्यावर

नाशिक रोड,
सप्टेंबर १९९८

प्रिय चैताली,

जयभीम. अक्षर बघून दचकू नकोस, तुझी आजी या वयात शाळेत गेलेली नाही. लिहितेय खालच्या मजल्यावरची तृप्ती. तिला बजावलंय, मी बोलेन तेच लिही, माझ्या बोलण्याला इस्त्री करू नकोस. हे लिहितानाही हसतेय टवळी.

आधी तुझ्या लिंबाच्या झाडाची खबर देते, कारण फोनवर तू बापाच्या आधी त्याचीच चौकशी करतेस. डालड्याच्या डब्यातल्या त्या झाडावर तू कोष सोडून गेलीस. पानाआडचा हिरवा, वाळक्या काडीवरचा तपकिरी. बसतील तिथला रंग घेतात म्हणालीस. म्हणजे तुझ्या भिकनमामासारखे, ज्याच्या घरी जेवेल त्याच्या पक्षाचा. हिरव्यातून फुलपाखरू निघालं, काळंभोर, पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ. तपकिरी गेला. बोट लावलं तरी कंबर हलवेना, मग कडक झाला, काळा पडला, आणि एक दिवस त्याला भोक पाडून चिलटांसारख्या बारीक गांधीलमाश्या बाहेर आल्या. आतून खाऊन टाकला होता. तृप्तीला किळस येतेय, हे गाळू म्हणते. मी म्हटलं, लिही.

सुट्टीत तू मला गॅलरीत बसवून शिकवलंस ते आठवतं? मी म्हणाले होते, झोपलाय बिचारा, नको छळूस. तर केवढी चिडलीस! झोपलेला नाही आजी, जुनं शरीर विरघळवून नवं बांधतोय, आणि जागा आहे. मुंगीचा पाय लागला तरी त्याला कळतं. तुझ्या आईने भिंतीपलीकडे मिक्सर लावला की तो थरथरायचा, ते तूच दाखवलंस. आणि सारखं सारखं बोट लावलं की हलायचा थांबतो, पण म्हणजे त्याला कळेनासं झालं असं नाही, कंटाळून उत्तर देत नाही, हेही तूच सांगितलंस. मास्तरीण शोभत होतीस अगदी.

आता बापाचं. जयरामची खाट अजून पुढच्या खोलीतच आहे. स्कूटरवरून पडून डोक्याला मार लागला, दवाखान्याने घरी न्या म्हटलं, तेव्हापासून बघायला येणारे थांबलेले नाहीत. तुझी आई मीना चहा करून दमते. येणारा खाटेच्या पायथ्याशी बसतो, बशीत चहा ओततो आणि जयरामच्या देखत जयरामच्या जागी नोकरीला कोण लागणार ते ठरवतो. जागा पोरीला मिळेल, अर्ज आत्तापासून तयार ठेवा, असं भिकन बोलला तो रविवार तुला आठवत असेल. तू दाराच्या चौकटीत उभी होतीस. मामा, ते अजून आहेत, असं ठणकावलंस. मला वाटलं, शाब्बास माझी वाघीण. आणि पुढच्याच श्वासाला म्हणालीस, पण खरं सांगू, असं पडून राहण्यापेक्षा सुटले तर बरं, त्यांना आता काय कळतंय.

मीना चुलीपाशी होती, तिने ऐकलं नाही. मी जयरामजवळ होते, हातात पेजेची वाटी. तोवर ओठाला चमचा लागला की तो तोंड उघडत होता, लहानपणी उघडायचा तसाच, डोळे मिटून. त्या दिवशी त्याने दात आवळले. तेव्हापासून आवळलेलेच आहेत, नुसत्या सलाईनवर आहे. डॉक्टर म्हणतात, अशा माणसाचं गिळणं हळूहळू जातंच, सोमवारी नाकातून नळी घालू. ते शिकलेले आहेत, त्यांचं खरंही असेल. मी काही भांडायला गेले नाही.

पण मी सांगून बघितलं त्याला. पोर रागात बोलली रे, दमली होती रे. उपयोग नाही. इंजेक्शन दुखत नाही, असंही मीच त्याला सांगत आले, माझ्या आवाजावर त्याचा विश्वास कसा बसावा! तुला फोनवरून बोलायला लावलं असतं, तर फोन तृप्तीच्या घरी. त्याची वायर वर येत नाही आणि जयराम खाली जात नाही.

म्हणून हे पत्र. नोकरीसाठी बोलावत नाही, ती घ्यायची की नाही ते तुझं तू बघ, भिकनला मी बघते. सोमवारच्या आधी ये. तुला तसं वाटलं म्हणून मी रागावलेली नाही; त्याचं अंग पुसताना मलाही कधीकधी तेच वाटतं, हे तृप्तीने लिहिलं नाही तर मी पत्र टाकू देणार नाही. पण आपल्या पोरीच्या तोंडून ऐकलेलं शेवटचं वाक्य ते नसावं. त्याच्या कानाशी बस आणि दुसरं काहीतरी बोल. काय ते मी सांगणार नाही, माझे शब्द तो ओळखेल. मग चमचा तू धर. तोंड उघडलं नाही, तर डॉक्टरांचं खरं मानू आणि नळी घालू. तू येईपर्यंत मात्र मी ते मानणार नाही.

तुझीच,
सहीच्या जागी अंगठा उठवणारी
शकुबाई आजी