सत्काराच्या शालीची घडी

७ डिसें., रवि.

वडेपुरीचा डोंगर. निघालो तेव्हा तोंडातून वाफा निघत होत्या आणि चढताना इतका घाम, की ब्लाऊज पाठीला चिकटला. वर पोचल्यावर वाटलं, आता देवळामागं आडोशाला बसू, स्वेटर चढवू, थर्मासमधला चहा घेऊ. कसलं काय! बसवंतअण्णांनी टाळ्या वाजवल्या. "थांबा, बसू नका कुणी! आज सरांचा वाढदिवस हाय."

सर म्हणजे आमचे हे. निवृत्त मु. अ. अण्णांचं कापडाचं दुकान, त्यामुळं त्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली नसेल पण शाल असते. आमच्या रविवारच्या चालण्याच्या ग्रुपात विसावा म्हणजे सत्कार, हे आता ठरूनच गेलंय. कुणाचा वाढदिवस, कुणाची सून पास झाली, कुणाला नातू झाला. सगळ्यांनी भर वाऱ्यात उभं राहायचं आणि टाळ्या वाजवायच्या.

अण्णांचं भाषण झालं. मग ह्यांचं उत्तर. त्यात "माझ्या यशात सौभाग्यवतीचा मोठा वाटा". सौभाग्यवती मागं ओल्या पाठीनं कुडकुडत होती, तिकडं बघायला सवड नाही. ह्यांना शाल, मला ब्लाऊजपीस. ब्लाऊजपीस पांघरता येत नाही.

हळूच म्हटलं, "द्या ना ती शाल जरा."

"अगं, घडी मोडंल."

फोटो झाल्याबरोबर शाल परत प्लॅस्टिकमध्ये.

८ डिसें.

कंबर धरली. उठताना भिंतीचा आधार. पाठीवरचा घाम वाऱ्यात वाळला आणि नंतर जेमतेम दोन घोट चहापुरतं टेकले ते गार दगडावर, आणखी काय होणार?

हे म्हणतात, "तुला झेपत न्हाई आता. पुढच्या रविवारी घरी बस."

चढताना ह्यांच्या पुढं होते मी! पाय थकले नाहीत, दम लागला नाही. चालणं झेपतं, ह्यांचे सत्कार झेपत नाहीत. आठवड्यातली ती एक सकाळ माझी आहे. बाकी सहा दिवस ओटा आणि ह्यांच्या गोळ्या. ती सोडून घरी बसू? मुळीच नाही.

१४ डिसें., रवि.

गेले. कंबरेला ओढणी आवळून गेले.

आज एका नव्या साहेबांचा सत्कार, का तर पहिल्यांदा आले म्हणून. शेजारची शकू सोबत होती. थायरॉइडची गोळी सुरू आहे तिची, थंडी जरा जास्तच बाधते. बोटं पांढरी पडली बिचारीची. माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, मी न्हाई येणार आता. चालायला मजा वाटती, पण थांबलं की जीव नकोसा होतो."

अण्णांना स्पष्ट सांगितलं, आधी बसू द्या, काहीतरी गरम पोटात जाऊ द्या, मग काय ओवाळायचं ते ओवाळा. अण्णा हसले. "वहिनी, पाच मिन्टाचं काम हाय वो." ह्यांनी डोळे वटारले.

१९ डिसें. येळवस, वेळ अमावस्या.

माहेरी, औश्याजवळ. दादाच्या शेतात आंबील, भज्जी, बाजरीचे उंडे. पोट तट्ट.

शेतात देवासाठी कडब्याची कोप उभी केली होती, आत पाच दगडांचे पांडव मांडलेले. कोपीवर नेहमीसारखी शाल. पाहते तर दादाला सोसायटीत मिळालेली सत्काराची शाल! म्हटलं, "दादा, घडी मोडली की रे."

"मोडू दे की. देवाला थंडी वाजंल. कपाटाला वाजती का?"

जेवून कोपीच्या पाठीमागं टेकून बसले. वारा लागेना, खाली कडबा, ऊन अंगावर. कंबर कशी मोकळी झाली. देवाला आडोसा, देवाला शाल, आणि मी नांदेडात दगडावर. सगळा राग पुन्हा वर आला. पण ह्या वेळी रागाबरोबर एक विचारही आला.

२० डिसें.

परत आल्याबरोबर ह्यांना विचारलं. कपाटातल्या शाली द्या, मी त्यांची बसकरं शिवते. विसाव्याला प्रत्येकाच्या बुडाखाली एकेक.

हे पेपर खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिले. "बुडाखाली? माझा सन्मान बुडाखाली?"

म्हटलं, सन्मान प्लॅस्टिकमध्ये गुदमरून राहिलाय. एकदा तरी अंगावर घेतलीत का त्यातली एखादी?

"त्या वापरायच्या नसतात!"

मग कशाला असतात? पेपर पुन्हा तोंडासमोर.

२३ डिसें.

हे पेन्शनर लोकांच्या बैठकीला गेले आणि मी कपाट उघडलं. चोरून नाही. सांगून झालं होतं.

शाळेच्या निरोपाची शाल, मरून काठाची, तिला हात लावला नाही. त्या दिवशी हे घरी येऊन मोरीत तोंड धुवत बराच वेळ उभे होते, मला माहीत आहे. ती जागेवर ठेवली. बाकीच्या काढल्या. कुठल्या पतपेढीची, कुठल्या गणेश मंडळाची, एक तर चुकून दुसऱ्याच्या नावाची चिठ्ठी असलेली. एवढ्या पातळ, की उजेडात धरली तर खिडकी दिसते. म्हणून मध्ये जुने स्वेटर घातले, खाली खताची धुतलेली पिशवी, म्हणजे दहिवर वर येणार नाही. कडेनं मशीन मारली, वर हातानं धावदोरा. शकू मदतीला. दोघी हसून हसून बेजार.

हे आले. मशीनवरची पतपेढी ओळखली. तडक आतल्या खोलीत गेले.

२८ डिसें., रवि.

कंधार. किल्ला बघून बाहेर माळावर लांब चालणं, मग तटाच्या आडोशाला विसावा. अण्णांनी पिशवीत हात घालायच्या आत मी बसकरं वाटली. "आधी बसा. घाम पुसा. स्वेटर आत्ताच घाला, गार पडल्यावर नाही." शाळा मास्तरांनी चालवली असेल, आवाज माझाही आहे.

सगळे बसले. चहा, धपाटे, ठेचा. शकूची बोटं बोटांच्या रंगाची राहिली. अण्णा बुड हलवून म्हणाले, "वहिनी, ही तर गादीच झाली वो! माल आमच्याच दुकानचा दिसून राहिला."

उभे एकटे हे. बसकर पुढं केलं तर म्हणाले, "मला सवय न्हाई सन्मानावर बसायची." आडोसा सोडून अख्खा विसावा वाऱ्यात उभे राहिले. शिंकाही आल्या. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण राग जास्त आला. एवढा हट्ट चाळीस वर्षांत माझ्यासाठी कधी धरला नाही.

३१ डिसें.

अबोला. फक्त चहाच्या वेळी, कपाकडं बघत, "निरोपाची?"

"जागेवर आहे."

कप उचलला. एवढंच.

४ जाने., रवि.

पुन्हा वडेपुरी. हेही आले. विसाव्याला सगळे छान बसले होते, मीही. तेवढ्यात अण्णा उठले. "आज एक सत्कार राहिलेला हाय. ज्या माउलीनं आपल्याला उबीत बसवलं..." मला वाटलं, थट्टा करून राहिलेत. पण पिशवीतून शाल निघाली. पातळ नाही. चांगली लोकरीची, हिरवी. "वहिनी, उठा."

सगळे पुन्हा वाऱ्यात उभे! मीच बसवलेले. ओरडायला पाहिजे होतं. नाही ओरडले. अण्णांच्या मंडळींनी शाल खांद्यावर घातली, नारळ दिला, फोटो निघाला. आयुष्यात पहिल्यांदा ब्लाऊजपीस नाही, शाल. आणि 'सौ.' म्हणून नाही. अण्णांनी माझं नाव घेतलं, नुसतं माझं. बोला म्हणाले तर मी शालीचा काठच सारखा करत राहिले.

वारा फार होता, असं नंतर सगळे म्हणाले. मला कळलाच नाही.

खाली बघितलं तर मी उठले त्या जागेवर, पतपेढीच्या बसकरावर, हे मांडी घालून बसलेले. एकटे. टाळ्या मात्र वाजवत होते.

उतरताना शकू म्हणाली, "काकू, द्या ना ती शाल जरा, कान गार पडलेत." आणि माझ्या तोंडून निघालं, "अगं, घडी..."

पुढचं गिळलं. शाल दिली. पण मागून चालत असलेल्या ह्यांनी ऐकलं होतं. तिथून गाडीपर्यंत हे एकटेच हसत होते. संताप संताप झाला.

६ जाने.

शकूनं शाल परत आणून दिली. मी पुन्हा पहिल्या घडीवर घडी घातली. प्लॅस्टिक सापडत होतं, पण त्यात नाही घातली. कपाटातही नाही. मशीनवर ठेवली आहे.

अण्णांचा फोन येऊन गेला. येत्या रविवारी आणखी एक बाई येणार आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या. सपाटीवरून थोडंच चालतील, पण बसायला नीट पाहिजे. बसकर एक कमी पडतंय. घरात शाली दोनच उरल्या, ह्यांची मरून आणि माझी हिरवी.

हे सकाळपासून मशीनभोवती घिरट्या घालतात. अबोला केव्हाच संपला, उलट तोंड बंद होईना. "शिव की. देवाला थंडी वाजती म्हणं. कपाटाला वाजती का?" दादाचं वाक्य ह्यांना कुणी सांगितलं? शकूनंच, शिवताना मीच तिला सांगितलेलं.

माणसानं किती छळावं! मी ह्यांच्या शाली घेतल्या तेव्हा ह्यांच्यासारखी फिदीफिदी हसले नव्हते. हां, शकूबरोबर हसले होते थोडी. पण ते वेगळं.

आत्ता समोर खुर्ची ओढून बसलेत. मांडीवर मरून शाल. ती कधी काढली कपाटातून, मी पाहिलं नाही. हातात कात्री.

"बोल. कुणाची कापायची?"

मी लिहीत बसले आहे, मान वर केली नाही.