झाकण अर्धंच उघडायचं

सोमवार, ४ ऑगस्ट

तीर्थस्वरूप वहिनींना नमस्कार. साष्टांगच घालणार होते, पण गुडघे ऐकत नाहीत. तीस वर्षं मोठ्या पातेल्यांशी झुंजल्यावर कुणाचे ऐकतील?

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. एकोणीस वर्षांनी! पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि मला वाटलं, कुणी गेलं की काय. सगळे धडधाकट आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. दादाला हल्ली ऐकू कमी येतं, ते वाचून मात्र वाईट वाटलं. माझं बरं चाललंय. शाळेच्या स्वयंपाकघराची मी आता मुख्य आहे. हाताखाली चार बायका आणि एक बाप्या, आणि पाचही जण मला टरकून असतात. सकाळी साडेसातला दूध, अंडं, फळ आणि दुपारी गरम जेवण, अशी दोनशे साठ मुलं. नवीन मोठा मिक्सर आला, तो पहिल्याच दिवशी बसला.

आता तुमच्या कामाचं. तुम्ही लिहिता, "माझी नात ठकी तुझ्याच शाळेत आलीय. ती घरचा डबा आणते. तिचं नाव त्या फुकटवाल्यांच्या यादीत घालू नकोस. आपल्या घराण्यात फुकटचं कुणी खाल्लेलं नाही."

अहो वहिनी, यादीच राहिली नाही. यंदापासून शाळेतल्या झाडून सगळ्या मुलांना दोन्ही वेळचं मोफत. डॉक्टरीणबाईंचा मुलगा आणि शिपायाची मुलगी एका बाकावर बसतात आणि एकमेकांच्या ताटातलं गाजर पळवतात. अर्ज नाही, चौकशी नाही, पालकाची सही नाही.

सहीवरून आठवलं.

आमच्या वेळी सही लागायची. मी दहा वर्षांची, आई-बाबा पाठोपाठ गेलेले, तुमच्या दारात येऊन पडलेली. शाळेच्या कारकुनानं तो मोफत जेवणाचा कागद तीनदा घरी पाठवला. तिन्ही वेळा तुम्ही त्यावर आडवं लिहिलंत, 'गरज नाही'. आणि घरात तोटा नव्हताच म्हणा. तुमच्या लेकाच्या डब्याचं झाकण दाबून बसवावं लागायचं. माझ्या डब्यात तुम्ही जुन्या पडद्याचा तुकडा घडी करून ठेवायचात, आतली रिकामी वाटी वाजू नये म्हणून. "झाकण अर्धंच उघडायचं, म्हणजे कुणाला दिसत नाही," हे पहिल्याच दिवशी शिकवलंत. मी हुशार. लगेच शिकले. चार वर्षं भिंतीकडे तोंड करून पडदा जेवले.

आणि रात्री दादासमोर तुमचा तो गोड आवाज, "डबा संपवलास ना गं?" मी म्हणायचे, "हो वहिनी." मग तुम्ही हसून दादाला सांगायचात, "टोळ आहे हो आपल्याकडे, टोळ! कितीही घाला, फस्त." दादाही हसायचा. उपाशी राहिले ते मी एक वेळ विसरेन, पण दादाचं ते हसणं विसरणार नाही. तुम्ही त्याला माझ्यावर हसवलंत. हे तोंडावर बोलायचा धीर मला आजवर झाला नाही, म्हणून तर एकोणीस वर्षं आले नाही.

असो. ठकीचं सांगते.

तुमचं पत्र यायच्या आधीच मला ती सापडली होती. भुकेलं पोर रांगेत बडबड करत नाही, नुसतं पळीकडे बघत राहतं, हे आम्हा वाढणाऱ्यांना लगेच कळतं. ही तर रांगेतही नव्हती. गेल्या मंगळवारी पाहते तर कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेली. जवळ गेले. तोच डबा, वहिनी! कोपऱ्याला पोचा आलेला. तो पोचा माझ्या हातून आला होता आणि त्यापायी मी मार खाल्ला होता. झाकण अर्धंच उघडं. मी पूर्ण उघडलं. आत कापड होतं. या खेपेला निळ्या चौकड्यांचं.

खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं. म्हटलं, करावं तसं भरावं! बरी जिरली म्हातारीची! मग ती पोर म्हणाली, "आजीला सांगू नका हं. बाबांचा कारखाना बंद पडलाय ना, म्हणून. आजीपण जेवत नाही. आजोबांना वाढते आणि स्वतःचं रिकामं ताट घेऊन आत जाऊन बसते."

हसू गेलं. राग काही गेला नाही. माझ्या वेळी निदान दुष्टावा होता, तो मला समजतो. पण दोन वेळचं गरम अन्न समोर असताना स्वतःच्या नातीला पडदा खायला घालायचा? कुठल्या घराण्यासाठी हो? मी तिला उचलून बाकावर बसवली. पहिल्या ताटाला तोंडातून शब्द नाही. दुसऱ्या ताटाला म्हणाली, "गाजर नको." तेव्हा कुठे मला हायसं वाटलं.

तर आता ऐका. दादाच्या नावाचं चार पानी पत्र माझ्या खणात तयार आहे, तिकीट लावून. माझं, ठकीचं, तुमच्या रिकाम्या ताटाचं, सगळं त्यात आहे. ठकी पुन्हा भिंतीकडे तोंड करून बसली, की त्याच दिवशी ते पेटीत पडेल. धमकीच आहे ही, दुसरं काही समजू नका.

आणि डबा. तो आजपासून रोज भरून घरी येईल. मुलांच्या घासाला मी हात लावत नाही. आम्हा कामवाल्यांना दुपारी एक ताट मिळतं, त्यातलं ते माझ्या वाट्याचं. मी घरी जाऊन खाईन. दया तर मुळीच समजू नका. दया यावी म्हणून मी रविवारभर प्रयत्न केला, नाही आली. मला फक्त तुम्ही खाल्लेलं हवंय. टोळाच्या ताटातलं. फुकटचं.

ठकीला मी एक खेळ शिकवलाय. रात्री जेवणं आटोपली की दादासमोर, अगदी गोड आवाजात विचारायचं, "आजी, डबा संपवलास ना गं?"

तुम्ही 'हो' म्हणा. जरा मोठ्यानं म्हणा वहिनी, दादाला ऐकू गेलं पाहिजे.

तुमचाच,
टोळ