गार्गी कोणाची

शुक्र. २६ डिसें.
निखिल, मेधा आणि गार्गी सकाळी पुण्याहून आले. मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात उतरलेत. मीच फोनवर सांगितलं होतं, बाथरूमच्या टाइल्स उखडल्यात, पाणी बंद आहे, घरी हाल होतील. टाइल्स जागच्या जागी आहेत. तिथेच आंघोळ करून त्यांना भेटायला निघाले.

लेकाने लग्न केलं एवढं कॉलनीत माहीत आहे. मेधाचं हे दुसरं, तिला आठ वर्षांची मुलगी आहे, हे नाही. लग्नाच्या वेळी मोठ्या तोंडाने म्हणाले होते, माझी काहीच हरकत नाही. नाहीच आहे. पण जिन्यात बायका विचारणार, आणि मग...

रिसेप्शनवरच्या मुलीने गार्गीला आसपासच्या ठिकाणांचा नकाशा दिला. सोफ्यावर माझ्याशेजारी बसून एकेका चित्रावर बोट ठेवत होती. "हे तू पाहिलंयस? आणि हे?" लग्नात भेटली तेव्हापासून मला तू म्हणते. इतकी वर्षं नाशिक रोडला राहते, निम्मी ठिकाणं पाहिलेली नाहीत. म्हटलं, तुझ्याबरोबरच बघीन.

शनि. २७
पांडवलेणी. अर्ध्यातच गुडघे बोलायला लागले. निखिल-मेधा पुढे गेले, गार्गी माझ्यासाठी थांबत राहिली. "आजी, तुला दम लागला तर मला सांग. मी म्हणेन मला लागलाय." आजी! कोणी शिकवलं नव्हतं. मी पाहिलं मेधाकडे, ती बरीच वर होती.

दुपारी रामकुंड, मग सीतागुंफा. आत पार वाकून जावं लागतं. मी बाहेरच बसणार होते, पोरीने ओढून नेलं. बाहेर आल्यावर मेधाने माझ्या पाठीचा चुना झटकला. "आई, पुढच्या वेळी बाथरूम झालेलं असेल ना? गार्गीला तुमचं घर बघायचंय." हो म्हटलं.

परतताना जिन्यात खालच्या मजल्यावरच्या जाधव वहिनी. "काय निकम वहिनी, दोन दिवस कुठे गायब?" मैत्रिणीकडे, म्हटलं. आता विचारही करावा लागत नाही.

रवि. २८
लिहू नये असं वाटतंय. लिहिते.

सोमेश्वरला गेलो. धबधब्याला पाणी बेताचंच, गर्दी मात्र भरपूर. निखिल-मेधा भेळ आणायला गेले. मी आणि गार्गी कठड्यापाशी, तिने माझा हात धरलेला. मागून हाक आली, "निकम वहिनी!" जाधव वहिनी. घोटीची बहीण आलीय, तिला फिरवायला आणलं होतं.

"तुम्ही पण इकडेच? आणि ही छकुली कोणाची?"

म्हणायचं होतं... काय म्हणायचं होतं? माझी नात. दोन शब्द.

मी म्हणाले, "ओळखीचे पाहुणे आलेत, हॉटेलात उतरलेत. त्यांची मुलगी."

वहिनी तिच्या गालाला हात लावून गेल्या. गार्गीने हात हिसडला वगैरे नाही. हळूच सोडवून घेतला आणि फ्रॉकच्या खिशात घातला. मी म्हटलं, पाणी बघ कसं पडतंय. ती बघत होती, पाण्याकडे.

गाडीत बसल्यावर म्हणाली, "निखिल, आपण यांचे ओळखीचे पाहुणे आहोत का?"

यांचे.

निखिलने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मेधा म्हणाली, "दमलीय ती," आणि काच खाली करून बाहेर बघत बसली. मला कोपऱ्यावर सोडलं. घरापर्यंत सोड, असं मीही म्हणाले नाही.

सोम. २९
आज त्र्यंबकला जायचं होतं. सकाळी हॉटेलात गेले तर बॅगा खाली आलेल्या. मेधा म्हणाली, "ऑफिसचं काम निघालं, आई." आई म्हणाली तरी.

गार्गी समोर पोहे खात होती. मी चिवड्याची पुडी दिली. "थँक्यू. तुम्ही ठेवा, आमच्याकडे आहे." तुम्ही.

निखिलने मला पार्किंगमध्ये नेलं.
"बाथरूमचं काम चालू नाहीये ना?"
"नाही."
मग म्हणाला, "मेधाला हे सांगू नकोस. एवढं तरी तिला खरं वाटू दे."

माझं खोटं आता त्याला सांभाळायचंय. त्याच्या बाबांनी मला असं कधी पाठीशी... जाऊ दे.

बुध. ३१
घराबाहेर पडले नाही. फोन हातात घेते, ठेवते. काय बोलणार? माफ कर म्हणायचं तर कोणाला आधी? मेधाला, की त्या पोरीला?

शुक्र. २ जाने.
जाधव वहिनींकडे गेले. चहा ठेवू का विचारत होत्या, म्हटलं आधी ऐका. सगळं सांगितलं. मेधाचं, गार्गीचं, हॉटेलचं. वाटलं होतं तोंडावर हात ठेवतील.

वहिनी ओट्याशी उभ्या राहून आलं किसत होत्या. म्हणाल्या, "मला तेव्हाच कळलं होतं. हाक मारायच्या आधी ऐकलं ना मी, पोरगी तुम्हाला आजी म्हणत होती."

"मग विचारलंत कशाला?"

"तुम्ही सांगाल म्हणून."

चहा घेतला. गोड होता की नव्हता, काही कळलं नाही. ज्यांच्यासाठी खोटं बोलले त्यांना खरं माहीतच होतं. खोटं ऐकलं ते फक्त एकट्या गार्गीने.

रवि. ४
मेधाला फोन केला. टाइल्सचंही सांगितलं. निखिल नको म्हणाला होता तरी. शेवटी म्हणाली, "मला वाटलंच होतं. मला सवय आहे, आई. तिला नाहीये. तिच्याशी तुम्हीच बोला."

गार्गी आली. हॅलो म्हणाली नाही, श्वास ऐकू येत होता.

म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं बोलले. तू पाहुणी नाहीस."
"मग तसं का म्हणालात?"
"घाबरले होते."
"कोणाला? त्या बाईंना?" जरा विचार केला तिने. "त्या तर बुटक्या होत्या."
"हो."
"आता पण घाबरता?"

नाही म्हणणार होते. म्हटलं, "थोडी. पण त्यांना सांगून आले, तू कोण ते."

"काय सांगितलंत?"

ते दोन शब्द सांगितले. पलीकडून नुसता कुकरचा, टीव्हीचा आवाज. फोन तिने कुठेतरी ठेवला असावा, बंद केला नव्हता. मी कानाला धरून बसून राहिले.