भुताच्या सिनेमाला कोण जातं

आई, वागळे इस्टेटमध्ये माझं ऑफिस आहे आणि तिथे बसून मी दिवसभर सिनेमांना खाती वाटत असते. मोबाइलवर सिनेमे दाखवणारी कंपनी आहे. कौटुंबिक, विनोदी, रहस्य, भय. प्रत्येक सिनेमा कुठल्या ना कुठल्या खणात टाकायचा आणि त्या खणाकडे कोण वळतं ते बघायचं. तुला हसू आलं असतं. कल्याणच्या थिएटरात बायकांच्या खास खेळाला तू चाळीतल्या बायकांबरोबर जायचीस, तेव्हा तुमच्या लेखी एकच प्रकार होता, रडका. ज्यात सुनेचा छळ नाही तो सिनेमाच नव्हे. पैसे देऊन रडायचं कशाला, घरी रड की, असं मी एकदा म्हटलं तेव्हा तू फटकारलंस, "घरी कुठे रडू? डोळ्याला पदर लावला की सगळे विचारतात, काय झालं. इथे कोणी विचारत नाही."

माझा धाकटा भाऊ तापाने गेला त्यानंतर तू कुठेच जात नव्हतीस. शेवटी बायकांनीच ओढून नेलं, जरा मोकळी होशील म्हणाल्या. मी बरोबर होते. नेहमीचा रडका सिनेमाच असणार, म्हणून बाहेरचा बोर्ड कुणी वाचलाच नाही. दिवे गेले आणि पडद्यावर स्मशान. आदल्या शुक्रवारी सिनेमा बदलला होता, भुताचा लागला होता. शेजारच्या काकू तिकिटं फुकट घालवायला तयार नव्हत्या, त्यामुळे सगळ्या बसून राहिल्या. शेवटी मेलेली मुलगी घराचं दार ढकलून आत येते. बायका किंचाळतायत, मी तुझ्या कुशीत तोंड खुपसलंय, आणि तू मात्र पुढे वाकून बघतेयस. घरी चालत येताना तू एवढंच म्हणालीस, "आली ना पण ती परत." त्या दिवसापासून निजताना दार नुसतं लोटून ठेवायला लागलीस. बाबा चोरांच्या नावाने चिडायचे, उठून कडी घालायचे. ते झोपले की तू काढायचीस. मला वाटायचं, दुःखात बिचारीच्या लक्षात राहत नाही.

आता हे गेले, आई. तू ह्यांना पाहिलंही नव्हतंस. शीळफाट्याजवळच्या आमच्या फ्लॅटमध्ये रडायला हवी तेवढी जागा आहे, काय झालं विचारणारं कुणी नाही, आणि मला रडू येत नाही. तुझे ते सगळे रडके सिनेमे बघून झाले, डोळे कोरडेच. परवा ऑफिसातली एक सहकारी मला समजावत होती, "मॅडम, हॉररला कोण येतं माहितीये ना? कॉलेजची कपल्स. घाबरायचं निमित्त, हात धरायला मिळतो." मी मान डोलावली आणि तसंच टाइप केलं. पण सुट्टीच्या दिवशी मॉलमध्ये जाऊन मी एकटीच भुताचा सिनेमा बघते. पोरं किंचाळतात. मला भीती वाटत नाही, पडद्यावरच्या माणसांचा राग येतो. तुमचं माणूस परत आलंय आणि तुम्ही पळत काय सुटता? मग दिवे लागतात, सगळे पॉपकॉर्नचे डबे टाकून निघतात आणि मलाही उठावं लागतं. पुढच्या वेळीही असंच होणार हे ठाऊक असतं. तू यातून कशी बाहेर आलीस, हे तुला कधी विचारलं नाही. हल्ली वाटतं, तू आलीच नव्हतीस.

हे पाठवायला कुठला पत्ता नाही, तेव्हा इथेच राहील. एक मात्र सांगते, परगावच्या लेकीलाही सांगितलेलं नाही, ती काळजी करेल. कडी मीही लावत नाही.