पिंप मर्लच उघडेल

प्रिय मर्ल,

ब्रुकलिनहून तू पाठवलेलं पिंप पोचलं. तांदूळ, साबण, आईसाठी कपडे असल्याचं पावतीवर लिहिलंय. जकात आणि ट्रकभाडं मिळून दीडशे डॉलर गेले.

पावतीसोबतच्या चिठ्ठीत तू विचारलंस, सहलीची बोट आपल्या ग्रेनाडाला आठ तास थांबणार, तर मैत्रिणींबरोबर काय काय पाहावं? धबधबा पाहा, ग्रँड आन्सच्या किनाऱ्यावर पोहा, जायफळाची वखार पाहा. वखारीमागेच आपलं घर आहे, तिथे येणार का, तेवढं तू लिहायचं विसरलीस.

आईला मी सांगितलं, मर्ल येतेय. तिला वाटलं, राहायला. पिंपाला ती हात लावू देत नाही. "मर्लच उघडेल. तू गादीला ऊन दाखव, नीरफणस सांगून ठेव."

मी म्हटलं, "आई, बोटी संध्याकाळी निघतात गं."

"निघू दे की! बोटीला काय करायचीय माझी मुलगी?"

मी प्रार्थनेला बसते, पण चित्त लागत नाही. आधीची दोन पत्रं फाडली. हेही टपालात टाकवेलसं वाटत नाही. तरी उलट टपाली कळव, आईला खरं सांगू, की गादीवर चादर घालू?

तुझी ताई,
एनिड