करमत नाही म्हणून

आबा,

तुम्ही होतात तेव्हा मी हॉस्टेलवरून तुम्हाला पत्रं पाठवायचे आणि तुम्ही ती मार्केटातल्या गाळ्यावरच्या कारकुनाकडून वाचून घ्यायचात. हे ठाऊक असल्यामुळे मी त्यांत तब्येत, परीक्षा आणि पाऊसपाणी सोडून काही लिहीत नसे. आज मध्ये कारकून नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते. तुमची नात भोपाळला आर्किटेक्चर शिकायला गेली. तुम्ही पाहिलीत तेव्हा ती रांगत होती. आता माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझ्यापेक्षा तोंडाळ. ती गेल्यापासून माझं एका जागी बूड टेकत नाही. चहा ठेवते आणि गॅस पेटवायला विसरते. ऑफिसातून निघाल्यावर ऐरोलीच्या सेक्टरांतून उगाच दोन-दोन फेऱ्या मारते, कारण दार उघडलं की घर खायला उठतं. लोक म्हणतात, होईल सवय. मला सवय नको आहे, हे त्यांना कोण सांगणार?

तिला सोडायला तिचा बाबा गेला. माझ्या ऑफिसात महिनाअखेर होती, सुट्टी मिळाली नाही. दोघं रिक्षात बसली, मी वर आले, तेवढ्यात गावाहून आईचा फोन. "पोरगी पोचल्याचा निरोप येऊस्तवर केर काढू नगंस. मानूस भाईर पडल्यावर केर काढत न्हाईत." मी हो म्हणते आहे आणि तेवढ्यात कोपऱ्यातून आमचं झाडूचं यंत्र घरघरत बाहेर येतं. गोल, थाळीएवढं, जमिनीवर आपोआप फिरतं आणि केर ओढून घेतं. लेकीनेच त्याची वेळ लावून ठेवली होती. आता तीच दाराबाहेर पडल्या पडल्या ते तिच्या खोलीकडे निघालं. मी फोन कानाला धरून त्याच्यामागे धावले. बंद कसं करायचं ते मला येत नाही, तेही तीच करायची. शेवटी उचललं आणि सोफ्यावर उताणं टाकलं. किती तरी वेळ ते तिथे चाकं फिरवत पडलं होतं. आई विचारत होती, "कसला आवाज गं?" मी म्हटलं, मिक्सर.

निरोप मात्र भरपूर आले. स्टेशनवर पोचलो, गाडीत बसलो, इगतपुरी गेलं, वडा खाल्ला. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या खोलीचा फोटोसुद्धा आला. आईच्या हिशोबाने केर काढायला हरकत नव्हती. मी काढला नाही. तिचा बाबा परत आला, त्याने पायांखाली कचकच होते म्हणून यंत्र सरळ केलं आणि चालू केलं. त्यावरून आमचं भांडण झालं. तो बिचारा म्हणाला, "अगं, ती शिकायला गेलीय." मला ते माहीत आहे. मीही गेले होते.

आता पालकांचा फोनवर ग्रुप असतो आबा. मुलं वर्गात बसतात आणि आईबाप ग्रुपवर. कुणी मेसच्या डाळीचा फोटो टाकतं, कुणी विचारतं दही देतात का. मी या लोकांना हसायचे. मग एक दिवस लेक सहज म्हणाली की खोलीतला पंखा हळू फिरतो, आणि मी ग्रुपवर सगळ्यांसमोर पंख्याबद्दल विचारलं. एका बापाने वॉर्डनना टॅग केलं, वॉर्डन इलेक्ट्रिशियन घेऊन मुलींच्या खोलीत हजर. तिचा फोन आला. "आई, तू मला काही विचारणार आहेस की नाही? आता सगळा मजला मला पंखेवाली म्हणतोय. किती क्रिंज आहेस तू!" मी सॉरी म्हटलं. आणि मग विचारलं, "पण फिरतो ना आता नीट?" तिने फोन ठेवला.

या सगळ्यात मला सारखा तो दिवस आठवतो, मी कराडहून पळून आले तो. फार्मसीला जाऊन जेमतेम पंधरवडा झाला असेल. पहाटे एसटीतून वाशीला उतरले आणि कोपरखैरण्याला घरी न जाता तडक कांदा-बटाटा मार्केटात आले. आई ओरडली असती. तुम्ही मऊ, तुम्ही काही बोलणार नाही, याची मला खात्री होती. तुम्ही ट्रक खाली करताय. पाठीवर गोणी आहे, मान खाली आहे, तरी तुम्ही मला आणि माझ्या हातातल्या पिशवीला पाहिलंय. तुम्ही थांबत नाही. गोणी गाळ्यात टाकता, माघारी जाता, दुसरी घेता. सगळा ट्रक रिकामा होईपर्यंत मी वजनकाट्याशेजारी गोण्यांवर बसून आहे. मग तुम्ही खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसत येता.

"कुनी काय बोललं का तुला?"

"नाही."

"जेवान हाय का बरं?"

"आहे."

"मग?"

"करमत नाही."

"करमत न्हाय म्हून कुनी मरत न्हाय," तुम्ही म्हणालात. बस्स. त्या आवाजात तुम्ही माझ्याशी त्याआधी कधी बोलला नव्हतात आणि नंतरही बोलला नाहीत. मला भुर्जी-पाव खाऊ घातलात. स्वतः नुसता चहा घेतलात, तोही उभ्याने. तोच ट्रक रिकामा कराडकडे परत निघाला होता. ड्रायव्हर तुमच्या ओळखीचा. मला वाटलं, आता मला त्याच्या हवाली करणार. पण तुम्ही आधी मला केबिनमध्ये चढवलंत आणि मागून स्वतः चढलात. घर तिथून जवळच होतं. तुम्ही मला घराचं दारसुद्धा दाखवलं नाहीत. आईला आजतागायत ठाऊक नाही की मी त्या दिवशी वाशीत होते.

सबंध रस्ता मी रागाने रडले आणि तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मधे एकदा मी काहीतरी तक्रार म्हणून सांगितलं की माझी बादलीपण कुणीतरी ढापली आहे.  कराडात उतरल्यावर तुम्ही स्टँडजवळच्या दुकानातून लाल बादली आणि प्लास्टिकचा मग घेतलात, दुकानदाराकडून खिळा तापवून बादलीवर माझं नाव कोरून घेतलंत, आणि हॉस्टेलच्या फाटकात ती माझ्या हातात देऊन वळलात. मी मागून हाक मारली नाही. तुम्ही मागे पाहिलं नाहीत. परतीच्या एसटीत तुम्ही काय केलंत, हा विचार मला तेव्हा आलासुद्धा नाही. अलीकडे तोच एक विचार येतो.

परवा रविवारी दुपारी लेकीचा फोन आला. आधी नुसतं नाक ओढल्याचा आवाज. मग म्हणाली, "आई, मी येऊ का परत?" कुणी काही बोललं का, विचारलं. नाही. जेवण? बरं आहे. पंखा? तोही नीट फिरतोय. नुसतं करमत नाही. तुमचं वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं, आबा. पण तोंडातून निघालं, "ये. आत्ता निघ. मी कल्याणला येते घ्यायला." आणि मी बोलता बोलता दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर गाड्या बघायला लागले. समोर पेपर वाचत बसलेला तिचा बाबा डोळे मोठे करून हाताने नको, नको करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली.  पलीकडे तिने नाक शिंकरलं आणि एकदम वेगळ्याच, मोठ्या बाईच्या आवाजात म्हणाली, "नको. उद्या मॉडेल सबमिट करायचंय. राहते मी. तू ये म्हणतेस का, एवढंच बघायचं होतं." मग दोन मिनिटं तिच्या रूममेटच्या घोरण्याबद्दल बोलली, हसली, आणि फोन ठेवला.

तिच्या बाबाला वाटलं, मी मोठ्या हुशारीने केलं. ये म्हटलं की पोरं राहतात, हे म्हणे त्याला सुचलं नसतं. तेव्हापासून तो सगळ्यांना हे कौतुकाने सांगत सुटलाय. आईलाही फोनवर सांगून झालं. आई माझ्याबद्दल म्हणाली, "तिच्या बापाचं डोस्कं हाय तिला." 

तुम्ही मला घराकडे का नेलं नाहीत, याचा मी एक तर्क केला आहे. घरी नेलं असतंत तर तुम्हालाच मला परत धाडता आलं नसतं. चूक असेल तर असू दे, आता तुम्ही खोडायला नाही. पण तुमच्या अंगात जे होतं ते माझ्यात उतरलं नाही, एवढं खरं. मी तिला ये म्हटलं ते हुशारीने नव्हे. मला ती यायला हवी होती. कॉलेज सोडून, वर्ष वाया घालवून, कशीही. आणि ती राहते म्हणाली तेव्हा मला बरं नाही वाटलं, आबा. वाईट वाटलं. हे घरात कुणाला सांगता येत नाही, आणि तुम्हाला पाठवता येत नाही.