सायलीच्या पाठीचा प्रश्न

२३ जून, सोमवार
सायली शाळेत जाताना वाकून चालते. नात चौथीत, चाल माझ्या वयाची. पेपरात वाचलं, दप्तर मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाहून जड नको. भरलेलं दप्तर करीमभाईंच्या दुकानात काट्यावर ठेवलं. सहा किलो. करीमभाई म्हणाले, "अम्मा, इसमें ज्वारी भरे क्या?" मी हसले नाही. शनिवारपर्यंत निम्मं करायचं. दोष शाळेचा.

२४ जून
चित्रकलेची वही आणि शब्दकोश काढला. फायदा झाला. डबा आता सरळ बसतो, आधी कलंडून वरण सांडायचं. शेजारी ताकाची बाटलीही मावली. डबा ह्यांचा, चार कप्प्यांचा. वाळूजला कंपनीत शिफ्टला न्यायचे. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली, डबा अजून तसाच. तेव्हाचं स्टील.

२६ जून, सकाळी
पुन्हा काट्यावर. फरक नाही. काटा खराब असावा.
सून रत्नमाला म्हणाली, आई, डबा लहान द्या. तिला समजावलं, अन्नाचं ओझं होत नसतं, ते पोटात जातं. ओझं पुस्तकांचं. ती कामावर गेली. वाचन कमी आहे तिचं.

२७ जून
वाचनालयातून पाठीच्या व्यायामाचं पुस्तक आणलं. सायलीला भिंतीला टेकून उभं राहायला शिकवलं. करून दाखवताना माझीच पाठ धरली. तिनंच शेकली. तिच्या खांद्यांवर पट्ट्यांचे लाल वळ दिसले.
आता शाळेला सोडत नाही. सोमवारी पालकसभा आहे. मुद्दे काढून ठेवले.

२८ जून, शनिवार
निम्मं झालं नाही. शनिवार म्हणजे पुढचा शनिवार.

३० जून
पालकसभेत दुसऱ्याच मुद्द्यावर होते, तेवढ्यात वर्गाच्या बाईंनी दप्तर टेबलावर रिकामं केलं. वह्या-पुस्तकं त्यांच्या एका हातात मावली. मग ताकाची स्टीलची बाटली निघाली. मग डबा. बाईंनी विचारलं, आजी, एवढं कोण खातं?
म्हटलं, ह्यांना पुरायचं.
सायली बुटांकडं बघत म्हणाली, "मी एकच कप्पा खाते, आज्जी. बाकीचं वर्गातल्या अरफाला न् पोरींना वाटते. परत आणलं की तू रडतीस ना."
मी रडत नाही. कांदा चिरताना होतं तेवढंच.
उरलेले मुद्दे वाचायचे राहिले.

१ जुलै
रत्नमालानं काल गुलमंडीच्या बाजारातून लहान डबा आणला. पोळी आणि भाजी, झालं. सायली सरळ चालत गेली. कोपऱ्यापर्यंत बघितलं. मी बोलले म्हणून शाळा सुधारली.
ह्यांचा डबा सवयीनं भरून ओट्यावर राहिला होता. उचलून फळीवर ठेवायला गेले.
जड आहे. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.